फ्रिजवरचा ड्यूटी चार्ट आणि भिंतीतलं भोक

पत्र थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई 46 वर्षांच्या. पती 24 वर्षं सैन्यात नोकरी करून आठ महिन्यांपूर्वी कायमचे घरी आले. मुलगा 17 वर्षांचा, मुलगी 13 ची. मुलांच्या शाळेसाठी ताई बरीच वर्षं एका जागी राहिल्या आणि पती सुट्टीला येत-जात राहिले. आता घराची 'छावणी झाली आहे' असं ताईंचं म्हणणं. पहाटे साडेपाचला सगळ्यांनी उठायचं. फ्रिजवर ड्यूटी चार्ट: केर, लादी, भांडी, बाथरूम, कोणी आणि किती वाजता. चादरीला सुरकुती दिसली की अंथरूण उलगडून पुन्हा घालायचं. मुलगा वैतागला आहे. पतीने घातलेल्या कपड्यांच्या घड्या कपाटात बसत नाहीत, म्हणून ताई रात्री त्या मोडून पुन्हा घालतात.

दुसरं दुखणं दुरुस्त्यांचं. "बाहेरचा माणूस कशाला, मी आहे ना," हे पतीचं पालुपद. नळ बदलताना आटे गेले. बाथरूम चकाचक करायला दोन क्लीनर एकत्र ओतले, तर मुलगा खोकत बाहेर पळाला. पंधरा दिवसांपूर्वी बाथरूमच्या भिंतीवर फळी लावायला ड्रिल चालवलं, ते थेट आतल्या पाइपात गेलं. पाणी हॉलपर्यंत आलं. "हे भोकावर हात दाबून ओरडत होते, मेन कॉक शेवटी मीच बंद केला." त्या रात्री ताई मुलांसमोर म्हणाल्या, "ही तुमची पलटण नाही, हे माझं घर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर चार्ट नव्हता. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली होती. तेव्हापासून पती गप्प आहेत. भोकावर करडी चिकटपट्टी आहे, पण ती गळते, म्हणून त्या बाथरूमची लाइन बंद आणि बादल्या भरून नेणं चालू. प्लंबरला बोलवावं तर त्यांना आणखी लागेल, न बोलवावं तर किती दिवस असं राहायचं? मुलगा खूश आहे, उशिरापर्यंत झोपतो. मुलगी मात्र कोणी न सांगता चादरीचे कोपरे बाबांसारखेच खोचते. ताई विचारतात, "माझं म्हणणं मान्य झालं, मग मला बरं का वाटत नाही?"

उत्तर

ताई,

मेन कॉकचं ते वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथेच थांबले. भिंतीतून फवारा उडतोय, एका हातात ड्रिल आणि दुसऱ्या हाताचा तळवा भोकावर दाबून माणूस उभा आहे. संकटात डोकं शांत ठेवायचं हे शिकण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, तो ओरडतोय, कारण घराचं पाणी कुठून बंद होतं हे त्याला ठाऊक नाही. तुम्ही गेलात, कॉक फिरवलात, परत आलात. किती वेळ लागला असेल? अर्धं मिनिट?

तुम्हाला तो कॉक माहीत होता, कारण इतकी वर्षं टाकी वाहिली की तुम्हीच तो फिरवत होतात. कुठला नळ जोरात पिळायचा नाही, कुठल्या खिडकीची कडी उचलून सरकवावी लागते, कुठलं बटण दाबलं की कुठला दिवा लागतो, हे सगळं तुमच्या हाताला माहीत आहे. त्यांच्या हाताला नाही. आणि हे त्यांना कोणी दाखवलंही नाही.

सैन्यातली चार्ज द्यायची रीत तुम्ही जवळून पाहिली असेल. बदली झाली की जाणारा येणाऱ्याला सामान मोजून देतो, यादी वाचली जाते, खाली दोघांच्या सह्या होतात. माझे वडीलही फौजी होते. त्यांच्या जुन्या कागदांत अशी एक यादी मला सापडली. तिच्यात एक ओळ होती: 'बादली पत्र्याची, नग 2, पैकी 1 गळकी'. मी लहानपणी त्यावर खूप हसले होते. नंतर कळलं की ती गळकी आहे हे लिहून घेतल्याशिवाय शहाणा माणूस सही करत नाही. उद्या जाब त्यालाच द्यायचा असतो.

तुमच्या घरात अशी यादी वाचलीच गेली नाही. ते आले आणि चार्ज आपल्याकडे आला असं धरून चालले. तुम्ही तो दिलेला नव्हता, द्यायचा आहे असंही तुमच्या मनात नव्हतं. एका घरात दोन माणसं चार्जवर, आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा विनाकारण मध्ये येतोय.

म्हणून 'घराची छावणी झाली' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. छावणीत असं चालतच नाही हो. नवा आलेला माणूस आधी जागा समजून घेतो. वायरलेसवाला गाडीच्या इंजिनात हात घालत नाही, आणि गाडीचा मिस्त्री वायरलेसच्या सेटला बोट लावत नाही. तुमचे पती ड्रिल घेऊन भिंतीपाशी गेले ते फौजी सवयीने गेले असं तुम्हाला वाटतं. मला उलट वाटतं. फौजी सवय शाबूत असती तर त्यांनी आधी विचारलं असतं, या भिंतीत काय आहे, आणि गडबड झाली तर पाणी कुठून बंद करायचं.

मग त्यांनी का विचारलं नाही? मी मनकवडी नाही, पण एक शक्यता तुमच्यापुढे ठेवते. जितकी वर्षं ते लांब होते, तितकी वर्षं घरातली प्रत्येक बिघाडाची बातमी त्यांना फोनवर कळत होती. गिझर बंद पडला, छत गळतंय, दाराची कडी निखळली. दरवेळी ते तिकडून फक्त 'बरं, कोणालातरी बोलव' एवढंच म्हणू शकत होते. तो 'कोणीतरी' येऊन काम करून जायचा. आता घरी आल्यावर 'बाहेरचा माणूस कशाला, मी आहे ना' यातलं 'मी आहे ना' जरा सावकाश वाचून बघा. कदाचित हा नुसता हेका असेल, कदाचित जुनी थकबाकी फेडायची धडपड असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

आता चार्ट. त्यावर तुम्ही खूप रागावलात, तर मीच थोडी त्याची बाजू घेते. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत केर, लादी, भांडी, बाथरूम कोणाच्या नावावर होतं? कागदावर नव्हतं, म्हणजे तुमच्याच नावावर होतं. तो चार्ट हा तुमच्या घरातला पहिला कागद, ज्यावर ही कामं चार जणांत वाटली गेली. त्यांच्या नावापुढे काय होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की बाथरूम असावं, कारण दोन क्लीनर ओतायला तेच गेले होते. बायकोला आणि मुलांना कामाला लावून स्वतः पेपर वाचत बसणाऱ्या माणसाविषयीची पत्रं मला बरीच येतात. तुमचं पत्र त्यातलं नाही.

चार्ट चुकला तो दुसऱ्या जागी. तो एकाच माणसाने ठरवला, त्यानेच लावला आणि तपासायलाही तोच. शिवाय त्याला सुट्टी नव्हती. रंगरुटाचंसुद्धा इन्स्पेक्शन ठरल्या वेळी होतं आणि संपतं. घरात ते पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू राहिलं, तर 17 वर्षांचं पोर वैतागणारच. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, आणि 13 ते 18 वयाच्या मुलांना 8 ते 10 तासांची झोप लागते. साडेपाचला उठायचं तर त्याने साडेनऊच्या आत गाढ झोपलेलं असायला हवं. ते होणार नाही. हे पतीला आळसाचा बचाव म्हणून सांगू नका, हिशेब म्हणून सांगा. हिशेब त्यांना पटेल.

आणि रागावू नका, पण त्या घड्यांचं काय? दिवसा त्यांनी घड्या घालायच्या आणि रात्री सगळे झोपल्यावर तुम्ही त्या मोडून परत घालायच्या. ताई, हेही इन्स्पेक्शनच की! त्यांचं उघड असतं, तुमचं गुपचूप. सुरकुती पडलेली चादर ते उलगडतात तेव्हा मुलाला जे वाटत असेल, तेच कपाट उघडल्यावर त्यांना वाटत असणार. आपण घातलेली घडी बदललेली आहे हे फौजी माणसाला दिसत नसेल, असं समजू नका.

आमच्याकडे हे नाटक डब्यांवरून झालं होतं. वडील कायमचे घरी आले आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले सगळे डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले, डावीकडून उजवीकडे, परेडला माणसं उभी करतात तसे. दिसायला फार देखणं होतं. पण आई डब्यांकडे बघायचीच नाही, नुसता हात लांब करायची. हाताला भलतंच काहीतरी लागायला लागलं. ती काही बोलली नाही, पुढच्या आठवड्यात एका रात्री सगळे डबे जागच्या जागी गेले. सकाळी वडिलांनी बघितलं, तेही काही बोलले नाहीत, आणि दोन दिवसांनी डबे पुन्हा उंचीप्रमाणे उभे. अशा तीन फेऱ्या झाल्या. शेवटी आईने त्यांना माळ्याखाली नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "हा माळा तुमचा. मी इथे पाय ठेवणार नाही, काय कुठे ठेवलंय ते विचारणार नाही. ओटा माझा." वडिलांनी माळ्यावरची प्रत्येक वस्तू यादीत चढवली आणि यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. आई पुढे आयुष्यभर माळ्यावर चढली नाही, आणि डबे हलले नाहीत.

तुम्हीही असंच करा. रोजच्या कामांचे बारके तुकडे करून चौघांत वाटण्यापेक्षा एकेक आख्खं खातं एकेकाला द्या. उदाहरणार्थ कपडे: धुणं, वाळत घालणं, घड्या, इस्त्री, साबण संपत आलाय हे लक्षात ठेवणं, सगळंच. घरकामातलं सगळ्यात दमवणारं काम हे 'लक्षात ठेवणं'च असतं आणि ते कुठल्याही चार्टवर येत नाही. ज्याचं खातं, त्याची पद्धत. घड्या कपाटात बसत नसतील तर एकदा, दिवसाउजेडी, कपाटाची खोली टेपने मोजून त्यांना सांगा, नंतर हात लावू नका. मुलालाही एक खातं द्या आणि त्यात वेळ त्याची. बाथरूम रात्री दहाला घासलं तरी बाथरूमला काही कळत नाही.

आता पाण्याकडे येते. इथे मला तुमच्या पतीच्याच जगातली एक गोष्ट सांगायची आहे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 नावाचं नवं बाँबफेकी विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. दोन माणसं गेली. विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे फिरते भाग हलू नयेत म्हणून एक अडसर लावलेला असतो, तो उड्डाणाआधी काढायचा राहून गेला होता. चालवणारे अनुभवी होते. यापुढे आणखी हुशार वैमानिक शोधा, असं कोणी म्हटलं नाही. उड्डाणाआधी काय काय तपासायचं याची छोटी यादी केली आणि ती सगळ्यांना सक्तीची झाली. तेच विमान पुढे बी-17 म्हणून दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी बनलं.

सैन्यांत आणखी एक पद्धत रुजली आहे. अमेरिकी लष्कराने 1970 च्या दशकात ती प्रशिक्षणात आणली. सराव संपला की सगळे गोल बसतात, पद बाजूला ठेवतात आणि चार गोष्टी बोलतात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. कोणाचं चुकलं, हा प्रश्न त्यात नाही. तुमच्या घरात त्या रात्री या चारांतलं एकही बोललं गेलं नाही. एक ओरडला, दुसरी ओरडली, चार्ट उतरला. तुम्हाला बरं का वाटत नाही, याचं बरंचसं उत्तर मला यात दिसतं. तुमचं म्हणणं मान्य झालेलंच नाही, तुमचे पती नुसते मागे हटलेत.

तर बसा चौघं. मुलीलाही बोलू द्या. चादरीचे कोपरे खोचणारी ती पोर दोन्ही बाजू तुमच्यापेक्षा जास्त ओळखून आहे असं मला वाटतं. 'का झालं' यात काय काय येईल, ते मी लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या भिंतीचं भोक तरी वाचेल.

भिंतीतले पाइप आणि वायरी सहसा सरळ जातात, उभ्या किंवा आडव्या. नळ, शॉवर, गिझरचा पॉइंट, स्विचबोर्ड, या प्रत्येकाच्या सरळ वर, सरळ खाली आणि शेजारच्या पट्ट्यात ड्रिल लावायचं नाही. भिंतीत काय आहे ते शोधणारं छोटं यंत्र मिळतं, पण साधी यंत्रं धातू आणि चालू वीज पकडतात, प्लॅस्टिकचा पाइप त्यांना बहुधा कळत नाही. हल्ली बाथरूममध्ये पाइप प्लॅस्टिकचेच असतात, त्यामुळे यंत्र गप्प बसलं म्हणजे रस्ता मोकळा, असं समजू नये. ड्रिलच्या बिटावर रावलप्लगच्या (स्क्रू पकडून ठेवायला भोकात बसवतात त्या प्लॅस्टिकच्या नळीच्या) लांबीएवढ्या अंतरावर चिकटपट्टीचा वेढा घालावा आणि पट्टी भिंतीला टेकली की थांबावं. टाइलवर पट्टी चिकटवून खूण करावी, म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरणं) बंद ठेवावा. ड्रिल सुरू करण्याआधी त्या बाजूचा कॉक बंद करून नळ उघडून पाणी उतरवावं. हे केलं असतं तर पाइप फुटला असता, पण हॉल भिजला नसता.

त्या करड्या चिकटपट्टीवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट नावाच्या बाईंच्या लक्षात आलं की काडतुसांच्या खोक्यांवरची कागदी पट्टी ओढताना फाटते आणि सैनिकाचा मोलाचा वेळ जातो. त्यांची मुलं नौदलात होती. त्यांनी 1943 साली थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहून कापडी, पाणी न शिरणारी पट्टी सुचवली, आणि तशी पट्टी बनलीही. आजची डक्ट टेप ती हीच. फौजी माणसाचा तिच्यावर फार जीव असतो, माझ्या वडिलांनी तिने चष्म्यापासून सुटकेसपर्यंत सगळं जोडलं होतं. पण ती खोक्यांसाठी होती. दाब असलेल्या पाइपातलं पाणी ती अडवू शकत नाही. फुटलेला तुकडा कापून नवा जोड टाकावा लागतो.

क्लीनरच्या प्रसंगावर तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, मला मात्र पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच वाटली. पाणी पुसता येतं. टॉयलेटच्या बऱ्याच क्लीनरमध्ये ॲसिड असतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काही मिसळलं तरी विषारी वायू होतो. पतीला एवढंच सांगा, पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी जो वायू सोडला, तो क्लोरीनच होता. फौजी माणूस हे पुन्हा विसरणार नाही. एका वेळी एकच क्लीनर, तो पूर्ण धुऊन गेल्यावरच दुसरा, आणि खिडकी उघडी. चुकून मिसळलंच तर साफ करत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, आणि खोकला, छातीत जळजळ किंवा दम लागणं थांबेना तर डॉक्टर.

विजेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बल्ब, ट्यूब, प्लगची टोपी एवढं घरच्या माणसाने करावं, तेही मेन बंद करून आणि टेस्टरने पाहून. बोर्डाच्या आतलं आणि गिझरचं काम त्या कामाच्या माणसाचं. एमसीबी, म्हणजे वायरीवर भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणं हा तर घरोघरचा आवडता उद्योग आहे. वायर तीच राहते आणि भिंतीच्या आत तापत राहते. एमसीबी वायरीला वाचवतो. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं, आरसीसीबी, शॉक बसताना वीज तोडणारं, आणि घरात ते 30 मिलिअँपिअरचं असावं. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं असतं. हे काम कोणाला द्यायचं ते मी सांगायला नको. ठरल्या तारखेला बटण दाबून वहीत नोंद करणं यात तुमच्या पतीचा हात कोणी धरणार नाही. मेन कॉक फिरवून बघणं, गॅसची नळी तपासणं, शिडीचे पाय बघणं, हेही त्याच वहीत. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक नेमका गरजेच्या वेळी अडकून बसतो. दुरुस्तीपेक्षा देखभाल हा त्यांचा खरा हातखंडा आहे आणि ती कुठल्याही घरात कोणी करत नाही.

त्या रात्रीच्या वाक्याबद्दल. माफी मागावी का, असं तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण पत्रभर तो प्रश्न आहे. 'पलटण नाही' हे म्हणण्याचा तुम्हाला हक्क होता. 'माझं घर' हे जिव्हारी लागलं असणार, तेही मुलांसमोर. तेवढ्यापुरती माफी मागा, आणि तीही मुलांसमोरच. पहाटे साडेपाच आणि सुरकुत्या परत येणार नाहीत, हेही त्याच दमात सांगा. एक म्हटलं म्हणून दुसरं मागे घ्यायचं कारण नाही.

मुलीच्या त्या खोचलेल्या कोपऱ्यांचं त्यांना सांगितलंत का? सांगा. पायाकडची बाजू आधी खोचायची, मग बाजूची कड उचलून तिरकी घडी गादीवर टाकायची, खालचं आत, मग वरचं. 13 वर्षांची पोर हे धाकाने करत असती, तर चार्ट उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी थांबली असती.

एक गोष्ट मात्र बघत राहा. गप्प राहणं आठवड्यांमागून आठवडे चालू राहिलं, झोप उडाली, रात्री दचकून उठणं किंवा क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून येणं असं काही दिसलं, तर ते चार्टने किंवा वहीने सुटणारं नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका, लांबवू नका. जहाजावरून, पोलिसातून किंवा परदेशातल्या नोकरीवरून कायमचे घरी परतलेल्यांच्या घरच्यांनाही मी हेच सांगेन.

राहिला प्लंबर. बोलवायचाच आहे, पण तुम्ही बोलावू नका. आज उद्या त्यांना म्हणा, "या भोकाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण भिंत उघडायला माणूस आणा. तो काम करताना तुम्ही शेजारी उभे राहा." टाइल फोडल्यावर, सिमेंट भरण्याआधी, उघड्या भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढायला सांगा, म्हणजे पाइप जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती, हे कायमचं कळेल. तो फोटो वहीच्या पहिल्या पानावर लावा. आणि प्लंबर यायच्या आदल्या दिवशी त्यांना घेऊन घरभर एक फेरी मारा. हा मेन कॉक, हा वरच्या टाकीचा, ही उचलून सरकवायची खिडकी, हे बटण कशाचंच नाही. गळकी बादली असेल तर तीही दाखवा.